जात्याजवळ सॉकेट नसतं

मुधोळ, भैंसा, तानूर, कुबीर या आमच्या पट्ट्यात जात्यावरच्या ओव्या ज्यांना पाठ आहेत, अशा बायका आता बहुतेक सत्तरीच्या पुढे गेल्या. सुनांनी त्या ऐकलेल्या तरी आहेत, नातींच्या कानावर तेवढ्याही पडलेल्या नाहीत. १९५६ साली निजामाच्या मुलखाची वाटणी झाली. नांदेड मुंबई राज्यात गेलं, किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तिकडे गेले, आणि आम्ही आंध्रात राहिलो. आता तेलंगणात आहोत. निर्मलला बाजारात तेलुगू आणि दख्खनी, घरात मराठी, असंच आमचं चालतं. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी ‘पारी’ या संकेतस्थळामुळे आज कुणालाही ऐकता येतात. त्या ऐकल्या आणि मनानं घेतलं, आपल्या आत्या-मावश्यांचा आवाजही राहायला हवा.

भाचा हैदराबादला नोकरी करतो, बासरच्या ट्रिपल आयटीत शिकलेला. त्यानं त्याचा जुना लॅपटॉप आणि एक यूएसबी माइक माझ्याकडे पाठवून दिला. अडॅप्टरची वायर पिनेजवळ तुटलेली होती, आणि अडॅप्टर काढला की लॅपटॉप तासाभरात मान टाकायचा. मी शिवणकाम शिकवते. दहावीनंतर विजेचा धडा पुन्हा कधी उघडला नव्हता. त्यामुळे निर्मलच्या बसस्टँडजवळच्या दुकानात काउंटरवर एकसारखे दिसणारे सात-आठ काळे अडॅप्टर मांडले गेले तेव्हा माझी मतीच गुंग झाली. पिना तर सगळ्यांच्या गोलच होत्या.

दुकानदारानं लॅपटॉप उलटा केला आणि खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. म्हणाला, “अक्का, वोल्ट बराबर होना. अंपियर जास्ती रहे तो चलता, कम रहे तो नै चलता.”

त्या चिठ्ठीवर १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपियर लिहिलेलं होतं. चष्मा पुसून मी अडॅप्टरांच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचायला घेतल्या. एकावर १९.५ व्होल्ट, २.३१ अँपियर. दुसऱ्यावर तेच व्होल्ट, पण ४.६२ अँपियर. तिसऱ्यावर १९ व्होल्ट, ३.४२ अँपियर. व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार केला की वॅट निघतात, एवढं आठवत होतं. पहिला निघाला ४५ वॅटचा, दुसरा ९० चा. माझ्या लॅपटॉपला लागत होते ६५. व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची, ती ठरलेलीच हवी. अँपियर म्हणजे नळ किती पाणी देऊ शकतो ते. नळ मोठा असला तरी भांडं आपल्याला हवं तेवढंच भरून घेतं, म्हणून ९० वॅटचा अडॅप्टर ६५ वॅटच्या लॅपटॉपला बाधत नाही. ४५ चा मात्र तापून दमतो. हे कळलं तेव्हा झालेला आनंद मला अजून लख्ख आठवतो.

चिठ्ठीवर आणखी एक छोटं चित्र असतं. मध्ये ठिपका, भोवती अर्धगोल, आणि दोन बाजूंना अधिक-उणेची चिन्हं. पिनेच्या आतला भाग धन की ऋण ते त्यावरून कळतं, आणि तेही लॅपटॉपशी जुळावं लागतं. शिवाय काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध केसासारखी बारीक सुई असते. अडॅप्टर कोणता आणि किती वॅटचा, हे लॅपटॉप त्या सुईवरून ओळखतो. सुई वाकली असेल तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. माझा लॅपटॉप त्याच जातीचा. शेवटची खूण भारतीय मानक ब्यूरोची. ‘आर’ या रोमन अक्षरापुढे आठ आकडे असतात, आणि तो नंबर ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दुकानातल्या सगळ्यात स्वस्त अडॅप्टरवर तो नंबर नव्हता. तो मी बाजूला ठेवला आणि चढ्या भावाचा घेतला. वीज अंगाशी खेळणारी वस्तू आहे, तिथे काटकसर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

अडॅप्टर आला म्हणजे काम झालं, असं वाटलं होतं. पहिलं ध्वनिमुद्रण मुधोळजवळच्या एका गावी, जुन्या घराच्या पडवीत. जातं तिथेच, भिंतीच्या कडेला. वीज गावात आहे. तेलंगणात शेतीलासुद्धा १ जानेवारी २०१८ पासून चोवीस तास वीज देतात. पण जात्याजवळ सॉकेट नसतं. ते असतं माजघरात, टीव्हीच्या मागे. तिथून वायर ओढून आणली आणि हेडफोन कानाला लावले, तर ओवी म्हणणाऱ्या आजीच्या आवाजाखाली एकसारखी घूंऽऽ चाललेली. लॅपटॉपच्या कडेवर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या येत. अडॅप्टर काढला की घूं गायब, झिणझिण्याही गायब.

भाच्यानं फोनवर कारण सांगितलं. “आत्या, त्या घरात थ्री-पिन सॉकेटचं वरचं भोक नुसतंच आहे. त्याला अर्थिंगची तारच जोडलेली नसणार.” अडॅप्टरमधून थोडासा प्रवाह बाहेरच्या आवरणाकडे झिरपतच असतो. एरवी अर्थिंग त्याला जमिनीत नेतं. अर्थिंग नसलं की तो लॅपटॉपच्या धातूवर येतो, तिथून माइकच्या वायरीत शिरतो आणि आवाजात उतरतो. माणसाला सहसा त्यानं इजा होत नाही, पण ध्वनिमुद्रणाचा नास होतो. त्या दिवशी मला कळलं, की बॅटरी म्हणजे वीज गेल्यावरची सोय एवढंच नाही. आजीचा आवाज निर्मळ यायला हवा असेल, तर लॅपटॉप भिंतीपासून सुटलेलाच हवा.

म्हणून बॅटरीच्या मागे लागले. विंडोजमध्ये काळ्या चौकटीत एक आज्ञा लिहायची असते: पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट. लगेच एक फाइल तयार होते आणि तिच्यात बॅटरीची कुंडली. कारखान्यातून निघताना तिच्यात ४१ वॅट-तास मावत होते, आता पूर्ण भरली तरी १३ च्या आसपास. ध्वनिमुद्रण करताना माझा लॅपटॉप साधारण तेवढेच वॅट खातो, म्हणून तो तासभर टिकायचा. लिथियम-आयन बॅटरीचा मोठा वैरी उष्णता. त्यातून ती शंभर टक्के भरून कायम चार्जरला लावून ठेवली की आणखी लवकर म्हातारी होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या खोलीत, उशीवर ठेवलेला लॅपटॉप अक्षरशः भाजतो. आता बरेच दिवस वापरायची नसेल तेव्हा मी बॅटरी निम्मी भरून, गार कोपऱ्यात ठेवते.

पॉवर बँक घेण्याचा सल्ला तर प्रत्येकानं दिला. दुकानात वीस हजारांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि माझ्यासारख्या नवख्या माणसाला तो केवढा तरी वाटतो. पण तो मिलीअँपियर-तासांचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार करून हजारानं भागलं की ७४ वॅट-तास येतात, आणि व्होल्ट वाढवताना त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. कितीही वेगवेगळ्या बॅटऱ्या समोर असोत, वॅट-तास काढले की त्यांची तुलना करता येते. विमानातही हाच आकडा चालतो. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात नेता येते. दुकानदारांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहावा, असं मला मनापासून वाटतं.

माझी खरी अडचण निराळीच होती. नव्या लॅपटॉपांना टाइप-सीचं तोंड असतं. त्यांचा चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलतात आणि ५, ९, १५ की २० व्होल्ट ते ठरवतात. २०२१ च्या सुधारणेनंतर त्यातून २४० वॅटपर्यंत वीज देता येते. माझ्या जुन्या लॅपटॉपला ते तोंडच नाही. भिंतीसारखं सॉकेट असलेल्या पॉवर बँकाही मिळतात, पण त्यात बॅटरीची वीज आधी २३० व्होल्टची करायची आणि अडॅप्टरनं ती पुन्हा १९.५ वर आणायची. दोन्हीकडे गळती, आणि अडॅप्टर पुन्हा माइकच्या शेजारी. ते मला पटलं नाही.

मग लॅपटॉप उलटा करून पाहिला. जुन्या घडणीचा असल्यामुळे त्याची बॅटरी दोन खटके सरकवले की अलगद बाहेर येते. म्हणून पॉवर बँकेच्या पैशांत मी दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. एक आत, एक पिशवीत. आता सहा तासांची निश्चिंती असते. हल्लीच्या चपट्या लॅपटॉपांत बॅटरी स्क्रूंच्या आड कोंडलेली असते. ही खटक्याची सोय कंपन्यांनी का काढून टाकली, याचं मला फार वाईट वाटतं.

बॅटरी बदलायची तर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो, आणि तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की ओवी म्हणणारीचा सूर मोडायचा. शिवाय आतल्या हार्ड डिस्कची घरघर शांत पडवीत माइकला ऐकू येत होती. जात्याची घरघर मला हवी होती, डिस्कची नको. दोन्हींवर उपाय एकच निघाला, एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून आवाज नाही, आणि वीजही कमी लागते.

ते काम दुकानात माझ्यासमोरच झालं, आणि मी हटून शेजारी बसले. आधी बॅटरी काढली. मग मागचे स्क्रू कागदावर, ज्या जागेचे त्या जागी मांडले. झाकण उघडल्यावर आत पाहिलं: तळहाताएवढी हार्ड डिस्क, शेजारी पंख्याला चिकटलेली धूळ, आणि रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी. त्या रिकाम्या खाचेसाठी नवी रॅमपट्टीही घेतली, ती दुकानदारानं माझ्याच हातात दिली. तिच्या सोनेरी कडेला मधल्यापेक्षा जरा बाजूला एक खाच असते, त्यामुळे ती उलटी बसतच नाही. तिरपी धरून आत सरकवली, मग वरून हलकेच दाबली, तसे दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून तिच्यावर आले. शिवणयंत्रात बॉबिन बसवताना हात जसा नेमका चालतो, तसाच तो चालला. चार जीबीची आठ जीबी झाली. लॅपटॉप आता मिनिटाच्या आत सुरू होतो. काढलेली हार्ड डिस्क फेकली नाही. यूएसबीच्या एका पेटीत बसवून ती बाहेरची डिस्क झाली.

साठवणुकीचा हिशेबही मला नवा होता. चांगल्या प्रतीचं, न दाबलेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला जवळपास १ जीबी जागा घेतं. एका पेन ड्राइव्हवर भरपूर जागा दिसत असूनही मोठी फाइल जाईना. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीनं आखलेला निघाला, आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही. ‘एक्सफॅट’नं आखल्यावर अडचण सुटली. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती चोरी नव्हे. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं. पण फुटपाथवर मातीमोल भावात मिळणारे २ टीबीचे पेन ड्राइव्ह ही मात्र शुद्ध फसवणूक आहे. ते लॅपटॉपला खोटा आकडा सांगतात आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं निमूट गिळतात. कुणाच्या आईचा आवाज अशा वस्तूवर कधीही ठेवू नये.

भाच्यानं घालून दिलेला नियम मी कसोशीनं पाळते: प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. एसएसडी वर्षानुवर्षं विजेवाचून कपाटात ठेवायची वस्तू नाही, म्हणून कपाटात हार्ड डिस्क आणि रोजच्या कामाला एसएसडी. तिसरी प्रत हैदराबादला भाच्याकडे जाते. जुनी, थकलेली बॅटरी कचऱ्यात टाकलेली नाही. तिच्या टोकांना टेप लावून वेगळी ठेवली आहे, ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच जाईल.

कुबीरकडची गावं अजून व्हायची आहेत. सोयाबीन आणि कापूस घरात येईपर्यंत तिथल्या बायकांना बसायला सवड नसते, म्हणून दिवाळीनंतरचा वार ठरवू असा निरोप पाठवला आहे. पडवीत सॉकेट नाही, बाई, असं पलीकडून कळवलं आहे. चालेल, म्हणून सांगितलं.