तंजावरची आमटी

मुलीने लग्न ठरवल्याचे सांगितले, तेव्हा मी जे बोलू नये ते बोलून बसलो. मुलगा तमिळ, मूळचा तंजावरचा. मी म्हणालो, "अग, जन्मभर सांबारात बुडून राहावे लागेल!" मला तो विनोद वाटला. ती हसली नाही. लग्न रीतसर झाले, मी अक्षता टाकल्या, जेवलोही. पण तिचे फोन मात्र "अण्णा, बरे आहात ना?" एवढ्यावरच थांबू लागले. तिची आई असती, तर ते वाक्य तिने माझ्या ओठांवरच अडवले असते. पण तिला जाऊन चार वर्षे झाली होती.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळसणाचे आमंत्रण फोनवर देऊन भागत नाही, एवढे मला कळत होते. म्हणून गणपती बोळवले आणि पिशवीत पुण्याची बाकरवडी घालून गाडीत बसलो. मुलगी चार दिवस सासरी आलेलीच होती.

कावेरीच्या पाण्यावर पोसलेली हिरवीगार भातशेते मागे टाकीत गाडी तंजावरात शिरते. स्टेशनवर मुलगी आणि जावई उभे होते. "अण्णा!" अशी तिने हाक मारताच विहीणबाई खुदकन हसल्या. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ! बापाला भाऊ म्हणणारी सून त्यांना मोठी गमतीची वाटत असावी.

दुसऱ्या दिवशी जावयाने मला बृहदीश्वराच्या देवळात नेले. राजराज चोळाने हे देऊळ १०१० साली पुरे केले. त्या प्रचंड शिखराकडे पाहून मान दुखू लागली, तशी नजर खाली आणली आणि थबकलो. समोरच्या भिंतीवर चक्क मराठी! सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास इथे दगडावर कोरून घेतला आहे. घरापासून इतक्या दूर आपली भाषा अशी भिंतीवर भेटावी, याने मन भरून आले. शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथे गादी स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. त्यांच्या वंशजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही आहे, आणि घरात मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. विहीणबाईंच्या शेजारचे निवृत्त शिक्षक त्यांपैकीच. त्यांची मराठी तमिळच्या हेलात न्हालेली, पण माझ्या आजीची आठवण करून देणारी.

हा अभिमान घेऊनच मी पानावर बसलो. केळीच्या पानावर भात आणि त्यावर सांबार आले. मी शिक्षकांना म्हणालो, "विहीणबाईंना सांगा, हे सांबार मुळात आमचेच. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीला कोकम मिळाले नाही, म्हणून चिंच घातली. पाहुणे होते संभाजीराजे, म्हणून नाव पडले सांबार." गोष्ट ऐकीव आहे, इतिहास म्हणून तिच्याखाली कोणी सही करणार नाही. पण मी ती अगदी ठासून सांगितली.

विहीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि दोन वाक्ये बोलल्या. शिक्षकांनी भाषांतर केले, "नाव तुमचे असेल. पण चिंच आमचीच, नाही का?" सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. ते बुडण्याचे वाक्य तिच्या मनातून गेले नव्हते. मी पानाकडे पाहून म्हणालो, "विहीणबाईंना विचारा, मला हे शिकवतील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. तुरीची डाळ हळद घालून अगदी मऊ शिजत होती. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ निराळा काढला. त्यात शेवग्याच्या शेंगा, छोटे अख्खे कांदे, मीठ आणि हिंग घालून तो उकळत ठेवला. इकडे तिळाच्या तेलात दोन चमचे धने, चमचाभर हरभऱ्याची डाळ, चार-पाच सुक्या मिरच्या, चिमूटभर मेथ्या भाजल्या, शेवटी ओले खोबरे परतले आणि सगळे वाटून घेतले. चिंचेचा कच्चा वास गेला की मग डाळ, मग वाटण, आणि एक उकळी. आपली आमटी फोडणीपासून सुरू होते. इथे मोहरी-कढीलिंबाची फोडणी सर्वांत शेवटी! सवयीने मी गुळाचा डबा शोधू लागलो, तशी विहीणबाईंनी हात वर करून मला थांबवले. त्याला भाषांतर लागले नाही.

आमंत्रण दिले, तेव्हा आणखी एक नवल कळले. तमिळ लोकांतही लग्नानंतरची पहिली दिवाळी मुलीच्या माहेरी करतात. तिला 'तलै दीपावली' म्हणतात. त्यांची दिवाळी नरकचतुर्दशीचीच, आणि पहाटे तेल लावून स्नानही आपल्यासारखेच. मी ज्याला दोन टोके समजत होतो, त्यांना एकच गाठ होती.

पुण्याला परतल्यावर सराव सुरू केला. पहिल्या दिवशी घाईने डाळ आणि चिंच एकत्रच कुकरला लावली. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ टणकच! आंबटात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून तर विहीणबाई दोन्ही वेगळी ठेवीत होत्या. दुसऱ्या खेपेला मेथ्या करपल्या आणि सांबार कडू झाले. तिसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंनी वाटी परत पाठवली ती रिकामी, तेव्हा धीर आला.

नरकचतुर्दशीला पहाटे मुलीने नवऱ्याला आणि मला तेल लावले, ओवाळले. फराळाच्या ताटात चकली, करंजी, अनरसे होतेच, ते विकतचे. पण मधोमध इडली आणि पातेलेभर सांबार मी रांधले होते. जावयाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि आईला फोन लावायला उठला.

मुलगी काही बोलली नाही. तिने वाटी उचलून तोंडाला लावली, अगदी लहानपणी आईच्या हातची आमटी प्यायची तशी. मग वाटी खाली ठेवून म्हणाली,

"अण्णा, यात बुडून राहायला माझी काही हरकत नाही."

आणि त्या दिवशी ती हसली.