चाकांवरचे बिऱ्हाड

परवा माझ्या पुतणीचे जर्मनीहून पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात मोबाईलवर. पण लांबी जुन्या पत्राची होती म्हणून पत्रच म्हणतो. येत्या मे महिन्यात स्पेनच्या किनाऱ्याने मोटारघरातून हिंडायचे आणि काका-काकूंनी यायचेच, असा तिचा हुकूम. बार्सिलोनाला गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून वॅलेन्सिया, अलिकांते करीत अल्मेरियापर्यंत जायचे. गाडीतच बिछाने, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी! पुढे नियमांचे शेपूट. साध्या परवान्यावर गाडी चालवायची तर माणसे-सामान धरून वजन ३५०० किलोंच्या आत हवे. परवानगी असेल तिथे गाडी उभी करून आत खुशाल झोपावे. पण पुष्कळ ठिकाणी बाहेर एक खुर्ची मांडली की तळ ठोकला असे समजून दंड करतात. सांडपाणी ठरल्या जागीच ओतायचे.

आमच्या सौभाग्यवतींनी त्याच रात्री यादी करायला घेतली. कुकर, मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणी... मी शेजारी बसून किलोंची बेरीज करू लागलो, आणि एकदम मला आमची मार्कंड्याची बंडी आठवली.

मार्कंडा चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठी. दक्षिणेकडे जाणारी ही नदी इथे वळून उत्तरवाहिनी होते. त्या वळणावर दगडी देवळांचा जुना समूह आहे. विदर्भाचे खजुराहो म्हणतात त्याला. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. आमचे गाव सात-आठ कोसांवर. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी माझ्या लहानपणी आमच्या घरची यात्रा बंडीनेच निघे.

बाबा महिनाभर आधी तयारीला लागत. चाकाची धाव लोहाराकडून ठोकून घ्यायची, आसाला वंगण घालायचे, वर बांबूच्या तट्ट्याचे छत बांधायचे. आत गुडघाभर तणस पसरून त्यावर सतरंजी. या तणशीत बाबांची खरी हुशारी होती. तीच आमची गादी आणि तीच बैलांची वैरण. त्यामुळे मुक्कामागणिक बैल आमची गादी खात आणि परतताना फळ्या पाठीला लागत. पाणी न्यावे लागत नसे. वाळूत हातभर झिरा खणला की गार, नितळ पाणी. बंडीच्या बाहेर चूल मांडा, घोंगडे पसरा, गाणी म्हणा, दंड करणारा कोणी नव्हता. देवळांच्या भिंतीभर कोरलेल्या मूर्ती आहेत, असे मला पुढे एम्. ए. करताना पुस्तकात वाचून कळले. तेव्हा सारे लक्ष पाळण्याकडे आणि गोडीशेवेकडे.

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिने मध्येच विचारले, "अन् घरी कोण राहील?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. तीच पुढे म्हणाली, "मी आहे ना. तुम्ही जा निवांत. मार्कंड्याला जायचे तेव्हाही म्हशीजवळ मीच राहत होती."

माझी बेरीज थांबली. मी मनातल्या मनात त्या बंडीत पुन्हा चढलो. पुढे बाबा, त्यांच्यामागे आत्या, मी आणि दादा, कोपऱ्यात पिठाची पिशवी, छताला टांगलेला कंदील. भाकऱ्यांचे गाठोडे आईने बांधलेले, चटणी आईने कुटलेली, सतरंजीही तिनेच अंथरलेली. आई मात्र कुठेच सापडेना. इतकी वर्षे मी वर्गात आणि मित्रांत ही बंडी रंगवून सांगत आलो, आणि तिच्यात आई नाही हे माझ्या ध्यानातच आले नव्हते!

"तू मार्कंडा पाहिलाच नाहीस?"

"पाह्यला ना. लग्नाच्या वर्षी नेलं होतं. डोक्यावरून पदर होता, पायऱ्याच तेवढ्या दिसल्या."

तक्रारीचा सूर नव्हता. तिने सूप पाखडले आणि खडे बाजूला काढले.

रात्री पुतणीला लिहिले की आजीही येईल, जागा होते का पाहा. तिचे उत्तर आले: बिछाने पाच आहेत, पण पट्टा लावून बसायच्या जागा चारच, मोठी गाडी मिळते का विचारते. ते अजून ठरायचे आहे. आईला मात्र वाट पाहायला लावायची नाही असे आम्ही ठरवले. म्हैस आता नाही, बंडीही नाही. चंद्रपूरहून मोटारीने दोन-तीन तासांची वाट. येत्या महाशिवरात्रीला एक रात्र मार्कंड्याला मुक्काम.

आईने आधी पुष्कळ नाही-नाही केले. चौथ्या दिवशी तिने माझ्याकडून कागद मागून घेतला. संध्याकाळी पाहतो तो यादी तयार. पहिल्या ओळीत शेजारच्या वहिनींचे नाव होते आणि त्यापुढे लिहिले होते: तुळशीला पाणी, दिवा, किल्ली.