रक्ताचं नातं, पण ओळखच नाही!

सिक्वेल म्हणजे शाळेचं गेट-टुगेदर. जायचं तर असतंच, पण पोटात गोळाही येतो. 'व्हॅम्पायर : द मास्करेड - ब्लडलाइन्स'च्या चाहत्यांनी हा गोळा जवळजवळ एकवीस वर्षं सांभाळला. पहिला गेम आला नोव्हेंबर २००४ मध्ये, दुसरा २१ ऑक्टोबर २०२५ ला. आणि... असो. आधी पहिल्याबद्दल.

तो तसा कमनशिबीच. 'हाफ-लाइफ २'सारखा पहिलवान ज्या दिवशी आखाड्यात उतरला, नेमका त्याच दिवशी हाही उतरला. बग्ज तर विचारू नका! बनवणारी ट्रॉयका गेम्स ही कंपनी तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २००५ मध्ये बंद पडली. पण वर्नर श्पाल नावाच्या एका जर्मन केमिस्टनं त्यात दुरुस्त्या करायला घेतल्या आणि वर्षानुवर्षं त्या फुकटात वाटल्या. लोक असं प्रेम उगाच करत नाहीत, बॉस.

माझी आणि त्याची गाठ पडली २०१२ च्या मे महिन्यात, सांगलीला, विश्रामबागेतल्या मामाकडे. मी साताऱ्याची, दहावीत जाणारी. मामेभावाचा कॉम्प्युटर आणि झोपलेलं घर. गेमचा फंडा सोपा : लॉस एंजलिस शहर, तुम्ही नुकतेच व्हॅम्पायर झालेले, सगळ्यांत ज्युनिअर. नियम एकच, माणसांना कळता कामा नये. हीच ती 'मास्करेड'. पाचदा मोडली की खेळ खल्लास! दादाला हे समजावून घ्यावं लागलं, मला नाही. राजवाड्यावर भेळ खाताना शेजारी कोण होतं, ही बातमी जिथं आपल्याआधी घरी पोचते, तिथं वाढलेल्या मुलीला मास्करेड काय शिकवायची?

पण खरी गंमत पुढे. सात कुळांतून आपलं कूळ निवडायचं. नॉस्फेरातू झालात तर चेहरा इतका भयानक, की गटारातूनच जायचं. माल्केव्हियन झालात तर डोकंच फिरलेलं. टीव्हीवरचा बातम्या देणारा तुमच्याशी बोलतो, 'स्टॉप'च्या पाटीशी तुमचं भांडण होतं आणि तुमच्या तोंडची वाक्यंच वेगळी. मी कायम माल्केव्हियन. माझी वाक्यं दादा आवाज काढून म्हणायचा. शेवटी सांगलीचाच तो! विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथं 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं, तिथल्या पोराला भूमिका बदलली की समोरच्याचं वाक्यही बदलतं, हे सांगावं लागत नाही. रोल-प्लेइंग म्हणजे तरी दुसरं काय?

मार्च २०१९ मध्ये सिक्वेलची घोषणा झाली, तेव्हा पहिला फोन दादाचा. मग सुरू झाली सर्कस. रिलीज पुढे ढकलला, दादाचा फोन. ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्या गेमचा लेखक ब्रायन मित्सोडा यालाच काढून टाकलं, माझा फोन. २०२१ मध्ये हार्डसूट लॅब्जकडून काम काढून घेतलं, पुन्हा फोन. २०२३ मध्ये कळलं, की आता ब्रिटनमधली द चायनीज रूम तो बनवतेय. एरवी दादाचे ईएमआय, माझ्या डेडलाइन्स. बोलणं 'कशी आहेस, बरी आहे'च्या पुढे जात नव्हतं. या रखडलेल्या गेमनं मात्र आम्हाला बोलतं ठेवलं.

तो आला तो ऐन दिवाळीत. दोन दिवसांनी भाऊबीज. ओवाळणीत काय मिळालं, सांगायला हवं?

रात्री दोघं बसलो. बर्फातलं सिएटल देखणं आहे. गच्च्यांवरून झेपा घेताना मजा येते, मारामारीही झकास. पण यात तुम्ही कुणी नवशिके नाही, चारशे वर्षांचे बुजुर्ग, नाव फायर, शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेले. कुळं आहेत, पण ती मुख्यतः कपड्यांत आणि ताकदीत दिसतात. कूळ बदललं म्हणून जग तुमच्याशी वेगळं वागतंय, असं फारसं जाणवत नाही. माल्केव्हियन तर निवडताच येत नाही. डोक्यात बोलणारा फेबियन नावाचा डिटेक्टिव्ह तेवढा माल्केव्हियन, आणि गेममध्ये सर्वांत इंटरेस्टिंगही तोच! थोडक्यात, नाटक बरं आहे, पण भूमिका आधीच वाटून झाल्यात. चायनीज रूमचे सहसंस्थापक डॅन पिंचबेक यांनी नंतर सांगूनच टाकलं, की याला 'ब्लडलाइन्स २' म्हणू नये असं आम्हालाही वाटत होतं. घ्या!

दुसऱ्या कुठल्याही नावानं आला असता तर मी त्याला आनंदानं 'टाइमपास' म्हटलं असतं. पण नाव लावलं की अपेक्षा आल्याच. आडनावावर सीट मिळवणाऱ्याला ऑफिसात आपण काय म्हणतो, आठवा.

मला मात्र वेगळंच लागलं. दादा रात्री एकला 'सकाळी लवकर उठायचंय' म्हणून झोपायला गेला, आणि लक्षात आलं, आता वाट बघण्यासारखं काही उरलं नाही. सहा वर्षं ज्या निमित्तानं फोन व्हायचे, ते निमित्तच रिलीज होऊन गेलं.

तीन आठवडे फोन नाही. मग गेल्या रविवारी मीच केला. 'काय गं, तिसरा येतोय का?' दादा घाबरूनच म्हणाला.

'नाही रे. सहज केला.'

पलीकडे क्षणभर शांतता. मग दादानं माझा माल्केव्हियनचा आवाज काढला. तासभर बोललो. विषय? काहीच नव्हता!