पोलादनगरीच्या उंबरठ्यावरून प्राचीन कोसलदर्शन

वाचकहो, नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग स्थानक सोडून पुढे सरकली, की खिडकीतून कारखान्याची उंच धुराडी दृष्टीस पडू लागतात. “भिलाई आली,” असे म्हणून प्रवासी पुन्हा वर्तमानपत्रात डोके खुपसतो. हे पोलादाचे गाव. येथे उतरून पाहावे असे ते काय असणार, अशी त्याची समजूत असते. आश्चर्य हे, की खुद्द भिलाईकरांचीही समजूत पुष्कळदा याहून वेगळी नसते.

एखाद्या संध्याकाळी आपण सिविक सेंटरमध्ये फेरफटका मारावा. दिवसपाळी संपवून आलेली कुटुंबे दुकानांपुढून हिंडत असतात. तेलुगू, बंगाली, मल्याळम, पंजाबी, उडिया आणि आपली मराठी, इतक्या भाषा दहा पावलांत कानी पडतात. हे सारे लोक कुठून ना कुठून येथे आले. सोव्हिएत रशियाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भाताच्या शेतांवर एक नगर उभे राहिले. पाहुणा आला म्हणजे त्याला मैत्रीबाग दाखवायची, सिविक सेंटरमध्ये काही खाऊ घालायचे, आणि “आमच्या गावाला इतिहास नाही हो,” असे सांगून निरोप द्यायचा, हा येथील परिपाठ. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते. मग तीस-पस्तीस वर्षे जेथे काढली, ती भूमी आपली कधी झालीच नव्हती, असे अनेकांना जाणवते.

परंतु या भूमीला इतिहास नाही, हे खरे नव्हे. हा प्राचीन दक्षिण कोसल देश आहे. ज्या १९५५ साली भिलाईचा करार झाला, त्याच सुमारास महानदीच्या काठी सिरपूर येथे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी पुरातत्त्वज्ञ बौद्ध विहार मातीतून मोकळे करीत होते. आणि त्याच वर्षी महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा कलचुरी शिलालेखांवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकीकडे नव्या नगराचा पाया घातला जात होता आणि दुसरीकडे जुन्या नगराचा पाया उकलत होता!

तेव्हा सिविक सेंटर हेच आपल्या यात्रेचे प्रस्थान समजावे. पहिला मुक्काम अगदी दाराशी आहे. भिलाई-३ च्या पलीकडे, चरोद्याजवळ देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. भिंतींवर मूर्तींचे थर आहेत, शेजारी कुंड आहे. मात्र शिखर अपुरे आहे. गावकरी त्याची कथा सांगतात. शिल्पी रात्री देहभान विसरून, विवस्त्र होऊन काम करी. रोज त्याची पत्नी जेवण घेऊन येई. एके रात्री तिच्याऐवजी बहीण आली. लज्जित होऊन त्याने कुंडात उडी घेतली, आणि शिखर तसेच राहिले. कथा खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. कामात देह विसरणाऱ्या कारागिराची कथा कामगारांच्या नगरीशेजारी ऐकू यावी, हेच विशेष.

तेथून रायपूर तासाभराच्या अंतरावर आहे. राजा महंत घासीदास यांच्या नावाचे तेथील संग्रहालय १८७५ साली स्थापन झाले. सिरपूरच्या कांस्यमूर्ती तेथे अवश्य पाहाव्यात. मग सुमारे ऐंशी किलोमीटर गेले, की झाडीतून लाल विटांचे एक उंच शिखर दिसू लागते. हेच सिरपूरचे लक्ष्मण मंदिर. लोक त्याला लक्ष्मणाचे नाव देत असले, तरी देवालय विष्णूचे. सातव्या शतकात राणी वासटा हिने आपला दिवंगत पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ ते बांधविले. साध्या भाजलेल्या विटांवर इतके नाजूक कोरीवकाम होऊ शकते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटत नाही.

मंदिराचा शिलालेख तर प्रत्येक मातापित्याने समजून घ्यावा असा आहे. दानात वाटा मिळालेल्या ब्राह्मणांच्या मुलानातवंडांना तो वाटा पुढे आपोआप मिळत नसे. ते वेदांगे जाणणारे असावेत, द्यूतासारख्या व्यसनांपासून दूर असावेत, अशी अट त्यात कोरली आहे. वारसा जन्माने नव्हे, तर योग्यतेने टिकतो, असे ही विधवा राजमाता तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी सांगून गेली.

वासटेचा पुत्र महाशिवगुप्त बालार्जुन स्वतः शैव होता. तरीही त्याच्याच काळात भिक्षू आनंदप्रभ याने येथे विहार बांधला. त्यातील भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्धमूर्ती आजही शांतपणे बसलेली आहे. त्याच शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कोसल देशात आला. सुमारे शंभर विहार आणि दहा हजारांच्या आतबाहेर भिक्षू, अशी नोंद त्याने करून ठेवली.

परतताना राजीमची वाट धरावी. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा तेथे संगम होतो. राजीवलोचन मंदिरात ११४५ सालचा शिलालेख आहे, तर कुलेश्वराचे देऊळ नदीच्या पात्रातच उभे आहे. माघी पौर्णिमेला येथे मोठा मेळा भरतो. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते. म्हणून हा प्रवास दिवाळीनंतर करावा हे उत्तम.

आणखी सवड असेल, तर बिलासपूरजवळील रतनपूर पाहावे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ पासून १७८७ पर्यंत तेथून कारभार पाहत होते. टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले, आणि ती टेकडी रामटेकरी म्हणून ओळखली जाते. हे नाव ऐकताच मराठी माणसाला आपल्या रामटेकाची आठवण होते.

वाचकहो, थोडा विचार करा. वासटा मगधाच्या राजकुळातून येथे सून म्हणून आली. बिंबाजी नागपूरहून आले. परक्या गावी आलेल्या या माणसांनी या भूमीला काही दिले, आणि ती त्यांची झाली. भिलाईत पोलाद गाळणाऱ्या माणसानेही या देशाला थोडे का दिले आहे? त्याच्या श्रमांतून लोहमार्गाचे रूळ घडले आणि देशभर पसरले. त्याने स्वतःला येथे भाडेकरू का समजावे?

म्हणून येत्या सुटीत मुलांना घेऊन निघा. रात्री परत आल्यावर सिविक सेंटरच्या दिव्यांखाली क्षणभर थांबा आणि त्यांना विचारा, “आपल्या गावाला इतिहास आहे की नाही?” उत्तर तेच देतील. आपण वाटेवरचे प्रवासी असाल, तर पुढच्या खेपेस वर्तमानपत्र मिटून दुर्गला उतरा.