धुरी

आमच्या घरात बाळंतीण असली की ते गल्लीच्या तोंडाशीच कळे. निखाऱ्यावर पडलेला ओवा आणि बाळंतशोपा यांचा वास वळणापर्यंत येई, आणि वैद्यनाथाच्या पायऱ्या उतरून घरी निघालेल्या बायका दारात थबकून विचारीत, "मुलगा का मुलगी?" परळीचा देव वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातले अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपले, दैत्यांनी हात लावताच ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी स्पर्श करताच अमृत पाझरले, ही कथा आम्ही मुली परकर नेसू लागण्याआधीच पाठ म्हणत असू. एकाच दगडातून ज्वाळा आणि अमृत कसे निघेल, असे मी एकदा आजीला विचारले होते. ती म्हणाली, "हात कुणाचा ते बघावं लागतं." पुढे बत्तीस वर्षे शाळेत शिकवताना मी असली उत्तरे मुलांना कधी दिली नाहीत. मला कारणे द्यायची सवय.

धुरीचे काम न्हाऊ घालणाऱ्या मावशीकडे असे. ती आमच्या नात्याची नव्हती. पण गल्लीतल्या निम्म्या लेकरांना पहिले पाणी तिच्या हातचे, म्हणून सगळ्यांचीच मावशी. अंगाला तेल, कढत पाण्याचे न्हाणे आणि मग धुरी, हा क्रम. शेगडी ती कधी खोलीत पेटवीत नसे. अंगणात गोवऱ्या रचायच्या, निळा धूर पुरता निघून जाऊ द्यायचा, निखाऱ्यावर पांढरी राख धरली की मगच शेगडी आत यायची. बाजेची सुतळी सैल, बाजेखाली शेगडी, भोवती जुन्या लुगड्याचा आडोसा. बाळंतिणीचे तोंड मात्र आडोशाबाहेर. मग तीन बोटांत मावेल एवढाच ओवा, थोड्या शोपा, वावडिंगाचे चार दाणे. तडतड आवाज होई आणि खोली भरून जाई. लेकराला ती धुरीवर धरीत नसे. शेगडी दूर सारून झाल्यावर, ऊब तेवढी लागेल अशा बेताने एकदा इकडून तिकडे नेई, की संपले.

आमचे घर माळवदाचे होते. छताला वीतभर भोक असे, त्याला आम्ही साणे म्हणत असू. पावसात त्यावर फरशी ओढायची, एरवी उघडे. धुरीच्या वेळी मावशी आधी वर बघे. साणे उघडे आहे ना? मग दार ओढून घेई, पण मांजर जाईल एवढी फट ठेवून. कडाक्याच्या थंडीतही ती फट मिटत नसे. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी कुडकुडत विचारले, तर म्हणाली, "सटवाईला यायला-जायला वाट नको का?" आणि दुसरे एक सांगे, "विस्तू आन् लेकरू एका खोलीत निजवू नये." बाळंतीण आडवी होण्याआधी शेगडी पुन्हा अंगणात गेलेली असे.

सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते. तिला रोजची फट कशाला, असे मला वाटे. बी. एड. झालेल्या बाईला असे वाटणारच!

2011 च्या डिसेंबरात थोरली पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तेव्हा आम्ही माळवद सोडून सिमेंटच्या घरात आलो होतो. स्लॅबला भोक नाही, खिडक्या काचेच्या, दाराला रबराची पट्टी. सगळे कसे घट्ट! मावशी आता सत्तरीच्या पुढची, पण न्हाऊ घालायला रोज येई. बाराव्या दिवशी तिच्या घरी कार्य होते. उशीर होईल असा निरोप आला. मी म्हटले, चाळीस वर्षे बघते आहे, त्यात काय अवघड आहे? गोवऱ्या संपल्या होत्या म्हणून बाजारातला लोणारी कोळसा आणला. बाहेर वारा बोचरा होता, म्हणून तो घमेल्यात, खोलीतच पेटवला. खिडक्या लावल्या. दाराच्या बुडाशी चादर गुंडाळून घातली. सटवाईसाठी फट ठेवण्याइतकी मी अडाणी नव्हते.

वास मात्र अगदी तोच आला. म्हणूनच मला काही कळले नाही. ओवा थोडा जास्तच टाकला होता, वर धूप. थोरली म्हणाली, "आई, डोकं फार जड झालंय गं." मी म्हटले, "धुरीनं तसं होतंच, पड जरा." लेकरू उगी झाले होते. बारा दिवस रात्रंदिवस रडणारे लेकरू गप्प निजले, याचा मला आनंद झाला. तो आनंद मी अजून विसरले नाही. मीही भिंतीला टेकले. उठावे, पाणी प्यावे असे मनात येत होते आणि पाय हलत नव्हते.

मावशी आली ती ओरडतच. दार ढकलले, चादर पायाने उडवली, लेकरू उचलून अंगणात नेले आणि मला म्हणाली, "माय, मारतीस का काय पोरीला!" थोरलीला आम्ही दोघींनी ओढत ओसरीवर आणले. तिला उलटी झाली. लेकराचे ओठ नेहमीसारखे लालच होते, पण मान टाकलेली. मावशीने त्याचे तळवे चोळले, आणि किती वेळाने कोण जाणे, ते रडले. दवाखान्यात दोघांनाही प्राणवायू लावला. संध्याकाळी दोघेही बरी होती.

डॉक्टर तरुण होते. मला बोलले नाहीत, समजावून सांगत बसले, ते जास्त लागले. कोंडलेल्या जागी कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो, म्हणून शरीर आतल्या आत गुदमरते आणि माणसाला नुसती झोप आल्यासारखे वाटते. धूर दिसत नाही म्हणजे तो नाही असे नव्हे. लालबुंद निखाराही तो सोडीतच असतो. नवजात लेकराला धूर मुळीच नको, थोडाही नको, हेही त्यांनी सांगितले. मी ओव्याचा विचार करीत होते. वासाने माझी खात्री पटली होती आणि वास नसलेली वस्तू त्याखाली बसून राहिली होती. मावशीचे कारण चुकीचे ठरवून टाकताना मी फटही बुजवून टाकली होती.

नंतर मन लागेना, म्हणून एका वृद्ध वैद्यांकडून चरकसंहिता आणली आणि सूत्रस्थानातला चौदावा, स्वेदाचा अध्याय वाचला. तेरा प्रकारचे अग्निस्वेद सांगितले आहेत. त्यातला जेंताक स्वेद वाचताना मी थक्क झाले. सोळा अरत्नी उंच, तेवढीच रुंद, मातीने लिंपलेली वाटोळी खोली. मध्ये भोके असलेली उभी भट्टी, भिंतीला लागून बसायचा ओटा. आणि त्या खोलीला खिडक्या, एक नव्हे, अनेक! खैरासारखे लाकूड पुरते जळून धूर निघून गेला की मगच माणसाने आत जायचे, अंगाला तेल लावून. घाबरे झाले तरी ओटा सोडायचा नाही. ओट्याच्या कडेकडेनेच दार गाठायचे, कारण मध्येच उतरलेल्याला दार सापडत नाही. बाहेर आल्यावर लगेच थंड पाणी घ्यायचे नाही. घाम काढताना डोळे झाकायचे, आणि हृदयाला मोत्यांच्या गार माळांचा, कमळांचा, ओल्या हातांचा स्पर्श ठेवायचा. गर्भिणीला, रक्त जाणाऱ्याला हा स्वेद वर्ज्य. मावशीला अक्षर येत नव्हते. हे तिच्यापर्यंत कुठल्या वाटेने आले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला.

2019 मध्ये थोरलीची दुसरी खेप फिनलंडात झाली. जावई तिकडे नोकरीला. मी पेटीत ओवा, शोपा नेल्या, तर विमानतळावरच तिने बजावले, "आई, धूर नाही हं." मी कुठे म्हणत होते! तिच्या इमारतीच्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक सौना होती. दर बुधवारी संध्याकाळी एक तास आमचा. बाळंतपणाला दोन महिने होऊन गेल्यावर, डॉक्टरांना विचारून, तिने मला तिथे नेले. लाकडाची लहानशी खोली, कोपऱ्यात विजेची शेगडी, तिच्यावर दगड रचलेले. जाताना तिने सांगितले, की या देशात गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बायका सौनातच बाळंत होत. घरातली सगळ्यांत उबदार, स्वच्छ जागा तीच. जुन्या सौनाला धुराडेही नसे. लाकडे जाळायची, दगड तापले की विस्तव विझू द्यायचा, धूर बाहेर घालवायचा आणि मगच माणसांनी आत जायचे. त्या अदृश्य वायूला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, हाका. मी तो दोनदा म्हणून घेतला.

थोरलीने आधी मला पेलाभर पाणी पाजले. मला खालच्या फळीवर बसवले, वर उष्णता फार. दार बाहेर उघडणारे, त्याला कडी नाही. "गरगरलं तर विचारायचं नाही, उठून जायचं." तिथले लोक भूर्जाच्या डहाळ्या वापरतात, कुणी पाण्यात वासाचे थेंब टाकतात, पाण्यातच, दगडावर नाही. नुसते तेल तापल्या दगडावर पडले तर भडका उडतो. मी पदराची गाठ सोडली. ओव्या-शोपांची पुरचुंडी मी दुपारीच कढत पाण्यात घालून, ते पाणी गाळून आणले होते. थोरली काही बोलली नाही. तिने ते बादलीत ओतले, लाकडी डावाने एक डाव घेतला, तोंड बाजूला केले आणि हळूच दगडांवर सोडला.

चर्र आवाज झाला. वाफ वर गेली, छताला लागून आमच्या खांद्यांवर उतरली, आणि तिच्यात आमची परळीची खोली होती. थोरलीने डोळे मिटले. मला मिटवेनात. मी तिच्या श्वासाकडे बघत बसले होते. मग उठले आणि दाराखालच्या फटीशी वाकून हात लावला; गार वारा लागत होता.

"उघडंच आहे गं, आई," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी आल्याआल्याच बघितलंय."