खूण रोगाची की अत्याचाराची?
लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा जुनाट दाहविकार वयात न आलेल्या मुलींनाही होतो. जननेंद्रिय आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा पांढरी, पातळ आणि सुरकुतलेली होते. या पांढरेपणाचा आकार पुष्कळदा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दिसतो. अशी त्वचा खाजवल्याने, सायकलच्या सीटवर घासल्यानेही चिरते आणि तिच्याखाली रक्त साकळते. मुलीला लघवी करताना जळजळते, शौचाला जाण्याची ती धास्ती घेते, चड्डीवर रक्ताचा डाग दिसतो. घाबरलेली आई तिला दवाखान्यात आणते आणि घाईच्या तपासणीत कागदावर फक्त ‘ताज्या जखमा’ एवढेच उमटते. भोवतालचा पांढरेपणा नोंदवायचा राहून जातो. खरे निदान तर तिथेच असते. योनिपटल शाबूत असल्यावरून मात्र काहीही ठरत नाही. अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या तपासणीतही जखम सापडत नाही. रोगावर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड मलम उपयोगी पडते.

कंबरेवरचे आणि कुल्ल्यांवरचे निळसर जन्मडाग, म्हणजे मंगोलियन स्पॉट, भारतीय बाळांत सर्रास आढळतात आणि ते माराचे डाग वाटू शकतात. मुक्या माराचा डाग हिरवट, पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत विरतो. जन्मडाग असे रंग बदलत नाही, तो काही वर्षांत हळूहळू फिकट होतो. शंका असल्यास काही दिवसांनी पुन्हा पाहावे. लिंबाचा रस लागलेल्या हातांनी मुलाला उचलले आणि त्यावर ऊन पडले, तर बोटांच्या आकाराचे काळपट वळ उठतात. फोड येणाऱ्या इंपेटिगो या त्वचासंसर्गाचे गोल व्रण सिगारेटच्या चटक्यांसारखे दिसतात, पण ते वरवरचे असतात आणि सहसा डाग न ठेवता भरतात.

महाराष्ट्रात बिब्बा विसरून चालत नाही. अंगावर उतलेला बिब्बा माराच्या डागासारखा काळा दिसतो. मात्र त्याच्या कडेला बारीक फोड असतात, खाज सुटते, आणि ज्याच्या हाताला बिब्ब्याचे तेल लागले त्याच्या बोटांवरही तशीच खूण सापडते.

रोग सापडला म्हणजे अत्याचार झालाच नाही, असे मात्र नव्हे. दोन्ही एकाच अंगावर असू शकतात, म्हणून मुलाचे म्हणणे ऐकणे थांबवता येत नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार गुन्ह्याची शंका आली तरी कळवावे लागते, आणि ते लांबवू नये. पण खुणेचे अंतिम मत देण्याआधी मोजपट्टीसह छायाचित्र आणि त्वचारोगतज्ज्ञाची तपासणी झालीच पाहिजे.