पवनीच्या घाटावरून डोंग्यात

पवनीला आपली माणसे जातात ती बहुधा रुयाडच्या महासमाधी भूमीचा स्तूप पाहायला. काही जण जगन्नाथ टेकडीवरही जाऊन येतात. तिथे 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतले दानलेख सापडले. दुपारी डबे सोडायचे, फोटो काढायचे आणि मिळेल त्या एस.टी.ने भंडारा किंवा नागपूर गाठायचे, असा आपला बेत असतो. नदीची संध्याकाळ मात्र राहून जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही चार कुटुंबे मुद्दाम थांबलो.

इथे तिकिटाची खिडकी शोधू नका. घाटावर ढिवर बांधवांचे डोंगे लागलेले असतात. एखाद्या जाणत्या माणसाला विचारावे, भाडे आधी ठरवावे. डोंगा अरुंद, म्हणून एका खेपेला तीन-चारच माणसे. बसायचे तळाशी, मांडी घालून, आणि उठायचे नाही. आमच्यातल्या एका वहिनींनी पदर सावरायला जरा अंग हलवले, तर सगळा डोंगा डुलला! मग त्या परत येईपर्यंत मूर्तीसारख्या बसल्या.

उथळ पाण्यात डोंगेवाला दादा लांब बांबू तळाला टेकवून डोंगा पुढे रेटतो, खोल पाणी आले की वल्हे घेतो. बोलतो कमी. पाण्यावर बारीक सुरकुती दिसली की खाली खडक आहे, हे त्याला दुरून कळते. सूर्य टेकला की पाणकावळे आणि बगळे थव्याने झाडांकडे परततात, काठावरचा कपडे धुण्याचा आवाज थांबतो आणि वल्ह्याचा तेवढा चुळूक चुळूक ऐकू येतो. वर्षभर रजिस्टरात मान घालून बसणाऱ्या माझ्यासारख्याला तो अर्धा तास औषधासारखा लागला. चाळीत राहणाऱ्या, पाळीने कामाला जाणाऱ्या माणसाला अशी स्वस्थता विकतही मिळत नाही.

ही नदी म्हणजे मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून निघालेली वैनगंगा. पुढे वर्धेला भेटून ती प्राणहिता होते. पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्दचे धरण आहे. त्याची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. धरणाला 33 दरवाजे. घाटाखालचे पाणी आज गुडघाभर राहील की पुरुषभर चढेल, हे पावसाइतकेच त्या दरवाजांवर ठरते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस ते सारे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत महापूर आला. एका बाईने "दादा, पाणी खोल आहे का हो?" असे विचारले, तेव्हा दादा म्हणाला, "पान्याले भेऊ नोका बाई, गेटाले भेवा."

धरणाच्या वर आणखी एक दुखणे आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळते. शहर आपली घाण सोडून मोकळे होते. भोगायचे कोणी, तर काठच्या गावांनी आणि मासे धरून पोट भरणाऱ्यांनी. या नदीकाठी घर चालते ते मरळ आणि झिंग्यांवर. जाळी संध्याकाळी टाकायची, पहाटे उचलायची, सकाळी बायांनी टोपली घेऊन बाजारात बसायचे.

आपल्यासाठी जो डोंगा मौजेचा, तोच खाली गडचिरोलीत मजुरीला जायची वाट आहे. 23 जानेवारी 2024 रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर गावच्या शेतमजूर बाया मिरची तोडायला पैलतीरी निघाल्या होत्या. डोंगा उलटला आणि सहा जणी बुडाल्या. पूल लांब पडतो आणि लवकर पोचले नाही तर रोज बुडतो, म्हणून माणूस डोंग्यात बसतो. ही गोष्ट आम्ही काठावर उतरल्यावर मुलांना सांगितली. डोंग्यात सांगवली नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढे करावे. पावसाळ्यात जाऊच नये, दिवाळीनंतर जावे. धरणातून पाणी सुटणार आहे का, हे घाटावर आधी विचारावे. लाईफ जॅकेट नसेल तर मुलांना काठावरच ठेवावे, ती कितीही रडली तरी. पाचवा माणूस चढवू नये. अंधार पडण्याआधी परतावे, शेवटच्या एस.टी.ची वेळ स्टँडवर विचारून ठेवावी. आणि भाड्यात घासाघीस करू नये, कारण जाळी टाकायची त्याची वेळ तीच असते.